दाखल क्रमांक, देवनागरी अंक आणि बारकोड

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तक पडताळणी झाली आणि संगणकाने अकरा पानांची यादी काढून दिली. वर लिहिले होते, ‘गहाळ पुस्तके’. लागोपाठ दोन पडताळण्यांत जे पुस्तक सापडत नाही ते निर्लेखनासाठी समितीपुढे ठेवायचे, असा तिथला नियम आहे आणि ही दुसरी पडताळणी होती. मराठीची प्राध्यापक म्हणून मी त्या समितीवर आहे. यादीच्या पहिल्याच पानावर मी अडखळले. एका जुन्या मासिकाचा बांधीव खंड तिथे गहाळ म्हणून नोंदला होता आणि तोच खंड मी आठ दिवसांपूर्वी त्याच कपाटाजवळ उभी राहून चाळला होता. उठून पाहिले, तर खंड जागेवर होता. पाठीवर बारकोडची चिठ्ठीही होती. वाचकयंत्र लावले तेव्हा ते बिनतक्रार वाजले आणि पडद्यावर एका पाकशास्त्राच्या पुस्तकाचे नाव आले.

समितीने त्या दिवशी यादीवर सही केली असती, तर कपाटात असलेली दोनेकशे पुस्तके कागदोपत्री संपली असती. कागदोपत्री संपलेले पुस्तक पुढे रद्दीच्या ढिगात जायला वेळ लागत नाही. ती चूक कशी झाली, ती शोधायला आम्ही काय केले आणि नव्या चिठ्ठ्या महाविद्यालयातल्या मुलांनी संगणकावर कशा तयार केल्या, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. जुन्या मराठी ग्रंथसंग्रहांशी संबंध असलेल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल. एक शब्द आधीच स्पष्ट करते. संगणकाच्या भाषेत तयार कार्यांच्या संचालाही लायब्ररीच म्हणतात. घोटाळा नको म्हणून इथे पुस्तकांच्या जागेला वाचनालय आणि संगणकाच्या संचाला लायब्ररी म्हणेन.

चुकीचे मूळ आमच्या अंकांत निघाले. चिठ्ठ्यांचे पहिले काम काही वर्षांपूर्वी बाहेर दिले होते. ते करणारी मुले प्रत्येक पुस्तक उघडत, मुखपृष्ठामागे शाईने लिहिलेला दाखल क्रमांक वाचत, टंकत आणि चिठ्ठी छापत. जुन्या पुस्तकांवरचे क्रमांक देवनागरी अंकांत आहेत. इंग्रजी अंकांवर वाढलेल्या डोळ्याला देवनागरी १ हा इंग्रजी नऊ वाटतो आणि ४ हा इंग्रजी आठ. बोरूच्या वळणाचा ६ उलटा तीन दिसतो, घाईत तो सरळ तीनच होतो. ०, २ आणि ३ दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे आपण नीट वाचतो आहोत असा विश्वासही टिकून राहतो. आमच्या खंडाचा क्रमांक होता ०४८१३. त्यातला ४ कसा कोण जाणे बरोबर वाचला गेला, पण १ चा नऊ झाला आणि चिठ्ठी निघाली ०४८९३ ची. आता ०४८९३ क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या झाल्या, एक पाकशास्त्रावर आणि एक खंडावर. ०४८१३ ची चिठ्ठीच नाही. पडताळणीत तो क्रमांक कोणत्या जन्मी वाजणार? यात त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघाच्या कामकाजासाठी लिपी देवनागरी आणि अंक मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले ठरवले. लिपी एक आणि अंक दुसरे, अशा दुहेरी सवयीत आपण सगळेच वाढलो आहोत.

अनेकांनी मला विचारले, बारकोडमध्ये चूक पकडणारा आकडा असतो ना? असतो. पण तो कोणती चूक पकडतो हे समजायला ही रेघांची लिपी थोडी वाचता यायला हवी. साहित्याच्या माणसाला ती अवघड नाही.

बारकोडची कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांची. त्यांनी १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५२ मध्ये मिळाले. मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना वुडलँड यांना मोर्सच्या तारेतले ठिपके आणि रेघा उभ्या लांबवण्याचे सुचले. दुकानात मालावरची अशी पट्टी पहिल्यांदा वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. वाचनालयांत बराच काळ चाललेली लिपी ‘कोड ३९’ त्याच वर्षीची आहे. तिची रचना आपल्या लघुगुरूसारखी आहे. प्रत्येक अक्षरात नऊ घटक, पाच काळ्या रेघा आणि चार पांढऱ्या फटी; त्यांतले नेमके तीन रुंद आणि सहा अरुंद. म्हणजे नऊ स्थाने आणि तीन गुरू. एवढ्यावर तिने त्रेचाळीस चिन्हे बसवली आहेत. १९८१ मध्ये आलेली ‘कोड १२८’ मात्रावृत्तासारखी आहे. तिथे प्रत्येक अक्षराला अकरा मात्रा, तीन रेघा आणि तीन फटी. रेघ किंवा फट एक ते चार मात्रांची असू शकते, पण बेरीज अकराच भरली पाहिजे. फक्त शेवटचे समाप्तिचिन्ह तेरा मात्रांचे. वर्गात छंद शिकवताना मी आता हे उदाहरण देते आणि मुले मात्रा मोजायला आपण होऊन पट्टी घेतात.

कोड १२८ ची खरी सोय तिच्या ‘क’ संचात आहे (मूळ नाव सी). त्यात दोन अंकांचे मिळून एक अक्षर होते. सहा अंकी क्रमांकाला तीनच अक्षरे लागतात. हिशेब असा: आरंभचिन्ह ११, तीन अक्षरांचे ३३, तपासणीचे अक्षर ११ आणि समाप्ती १३, एकूण ६८ मात्रा. तोच क्रमांक एकेक अंक धरून लिहिला तर १०१ मात्रा, आणि कोड ३९ मध्ये, रुंद रेघ अरुंदीच्या तिप्पट धरून, १२७. एक मात्रा पाव मिलिमीटरच्या आसपास धरली तर पहिली पट्टी सव्वासतरा मिलिमीटरची आणि शेवटची सव्वाबत्तीसची. जुन्या मराठी काव्यसंग्रहांच्या पाठी किती बारीक असतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फरक सांगायला नको.

आता तपासणीचे अक्षर. समजा क्रमांक आहे ०४८१३२. त्याच्या जोड्या ०४, ८१ आणि ३२. पहिलीला एकने, दुसरीला दोनने, तिसरीला तीनने गुणायचे: ४, १६२, ९६. बेरीज २६२. त्यात ‘क’ संचाच्या आरंभचिन्हाची किंमत १०५ मिळवली की ३६७. याला १०३ ने भागले तर बाकी ५८. हे ५८ किमतीचे अक्षर समाप्तीच्या आधी छापले जाते. वाचकयंत्र हाच हिशेब पुन्हा करते आणि जुळले तरच वाजते. म्हणजे या अक्षराचे काम रेघ पुसली, डाग पडला, यंत्राने चुकीची वाचली, हे पकडण्याचे. टंकणाऱ्याने मुळात चुकीचा क्रमांक दिला, तर त्या चुकीच्या क्रमांकाचे तपासणी-अक्षर अगदी बरोबर येते. आमच्या खंडावरची चिठ्ठी निर्दोष होती, फक्त ती दुसऱ्याच पुस्तकाची होती. मुद्रितशोधनात शुद्धलेखन तपासणारा आणि मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणारा हे दोघे वेगळे असतात, तसेच हे आहे.

ताडून पाहण्याचे साधन आम्हाला दाखल नोंदवहीतच सापडले. दाखल क्रमांक अखंड चालतात. एक क्रमांक चुकून दुसरा झाला की दोन खुणा राहतात: एका जागी खाच आणि एका जागी दुबार. संगणकात चिठ्ठ्यांची यादी होतीच. मुलांनी ती क्रमाने लावली, नसलेले क्रमांक एका बाजूला आणि दोनदा आलेले दुसऱ्या बाजूला काढले. मग दहा-बारा ओळींचा एक कार्यक्रम लिहिला. नसलेला प्रत्येक क्रमांक घ्यायचा, त्यातल्या एकाच्या जागी नऊ, चारच्या जागी आठ, सहाच्या जागी तीन असे एकेक स्थानी बदलून पाहायचे आणि तो दुबारांत आहे का ते विचारायचे. बहुतेक जोड्या तेवढ्यात लागल्या. पुस्तक हातात घेऊन खात्री करायला मात्र तीन शनिवार गेले. ते काम संगणकावर सोपवू नये असे माझे मत आहे.

नव्या चिठ्ठ्यांसाठी मुलांनी पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातली ‘पायथन-बारकोड’ ही मोफत लायब्ररी घेतली. ‘पिप’ या स्थापकाने ती एका आज्ञेत बसते. काम चार पायऱ्यांचे. लायब्ररीतून ‘कोड१२८’ हा साचा मागवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, रेघेची जाडी आणि उंची सांगायची, आणि ‘सेव्ह’ म्हणून फाइल लिहून घ्यायची. जोड्या करणे, बाकी काढणे, मात्रा मांडणे हे सगळे ती स्वतः करते. वेगळे काही सांगितले नाही तर ती एसव्हीजी प्रकारची फाइल देते. त्या फाइलीत ठिपक्यांचे चित्र नसते. कुठे किती मिलिमीटरची रेघ काढायची याचे वर्णन असते. ठिपक्यांचे चित्र हवे असेल तर ‘इमेजरायटर’ आणि त्यासाठी ‘पिलो’ ही दुसरी लायब्ररी लागते. आम्ही एसव्हीजीच ठेवली. कारण पुढे येते.

अंकांची गोष्ट इथेही पाठ सोडत नाही. नोंदी करणाऱ्यांपैकी काहींचा कळफलक मराठीत होता, काहींचा इंग्रजीत. आपल्याला दोन्ही ०४८१३ एकच. संगणकाला तो मजकूर म्हणून वेगळा, कारण युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी अशा झाल्या. पायथनला ‘हे सगळे अंक आहेत का’ असे ‘इजडिजिट’ या कार्याने विचारले तर देवनागरी अंकांनाही ती होकार देते. त्यांना संख्येत बदलायला सांगितले तर बदलूनही देते. भाषा म्हणून हे सौजन्य मला आवडले. पण मुलांनी नोंद गाळून घेण्यासाठी हीच चाळणी लावली होती आणि तिच्यातून दोन्ही प्रकार सुखरूप खाली आले. उपाय सोपा आहे. लायब्ररीला काही देण्याआधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २३५८ वजा करायचे, की इंग्रजी अंक मिळतो. आणि ‘इजअस्की’ हे दुसरे कार्य लावून खात्री करायची. कोड १२८ च्या रेघांत देवनागरी मावत नाही, तिची वर्णमाला १२८ चिन्हांची आणि रोमन आहे.

दुसरी ठेच शून्याची. तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ०४८१३ टंकले की ते संख्या समजून पुढचे शून्य खाऊन टाकते. तो रकाना आधीच ‘मजकूर’ ठरवून ठेवावा.

तिसरी ठेच मजेची होती. आधीच्या चिठ्ठ्यांवर मराठी विभागासाठी क्रमांकापुढे रोमन ‘एम’ होते. बहुतेक वाचकयंत्रे संगणकाला कळफलकच वाटतात. रेघा वाचून ती कळा दाबल्यासारखी अक्षरे पाठवतात. ग्रंथपालबाईंचा कळफलक इनस्क्रिप्ट मराठीवर राहिला की कॅपिटल एमच्या जागी ‘श’ उमटे आणि पुस्तक सापडत नसे. त्या बिचाऱ्या यंत्राला चापट्या मारत. नव्या क्रमांकात आम्ही अक्षर ठेवलेच नाही. टेबलावर मात्र सूचना लावली, चिठ्ठी वाचण्याआधी कळफलक इंग्रजी करावा.

क्रमांकाच्या शेवटी आम्ही आपला एक तपासणी-अंक जोडला. चिठ्ठी फाटली आणि क्रमांक हाताने टंकावा लागला तर तो उपयोगी पडतो, शिवाय पाच अंकांचे सहा होऊन ‘क’ संचाच्या जोड्याही पुऱ्या होतात. रीत आयएसबीएनच्या तेरा अंकी क्रमांकाचीच. उजवीकडून एकाआड एक ३ आणि १ ने गुणायचे. ०४८१३ साठी ९, १, २४, ४ आणि ०, बेरीज ३८. पुढच्या दहाच्या पटीला दोन कमी, म्हणून २. कोणताही एक अंक चुकला तर ही रीत हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुधा पकडते. त्यांच्यात पाचाचा फरक असेल, जसे १६ चे ६१ किंवा २७ चे ७२, तर मात्र नाही. मुलांना मी हे सिद्ध करून दाखवा म्हटले. मराठी साहित्याच्या वर्गात फळ्यावर गणित मांडलेले पाहून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव मराठीत हवे, असा माझा हट्ट होता. आधीच्या चिठ्ठ्यांवर नावे रोमन लिपीत आणि अर्धवट तोडलेली होती. हट्टाची किंमत मुलांनी मोजली. क्रमांकाखाली देवनागरी नाव छापायला गेले, तर ‘कविता’मधली पहिली वेलांटी क आणि व यांच्यामध्ये न येता व आणि त यांच्यामध्ये आली, जोडाक्षरे सुटून पाय मोडलेली दिसू लागली. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसते मात्र आधी. ही उलथापालथ करणारे वेगळे यंत्रणेचे अंग लागते. पिलोमध्ये ‘राक्म’ हा जोड असला तरच ती करते, एरवी अक्षरे साठवली त्या क्रमाने मांडते. एका विद्यार्थिनीने शेवटी सगळ्यांत सोपी वाट काढली. प्रत्येक चिठ्ठीची एसव्हीजी एका साध्या एचटीएमएल तक्त्यात ठेवली, खाली नाव लिहिले आणि पान ब्राउझरमधून छापले. ब्राउझरला देवनागरी जुळवता येते, रफारापासून ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘ऱ’पर्यंत. तो ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि दिसायला एकच असतो. नाव शोधताना पुस्तक न सापडण्याचे तेही एक कारण. म्हणून नाव माणसासाठी आणि क्रमांक यंत्रासाठी, अशी वाटणी आम्ही केली.

नाव यंत्राला द्यायचेच असेल तर क्यूआर आहे. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये आणलेली ही चौकोनी रचना देवनागरी सामावून घेते, पण एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘श्यामची आई’ हे नाव आपल्या कानाला पाच अक्षरांचे. साठवताना मात्र हलन्त आणि मात्रा सुट्या मोजल्या जातात, म्हणून नऊ चिन्हे आणि एक मोकळी जागा, मिळून २८ बाइट. सर्वांत लहान क्यूआरमध्ये १७ मावतात. बारीक पाठीच्या पुस्तकाला चौकोन मोठा होतो, म्हणून आम्ही तो नाद सोडला.

छपाईत एकच गोष्ट जिवाची. एका मात्रेची जाडी छपाईयंत्राच्या पूर्ण ठिपक्यांत बसली पाहिजे. ३०० ठिपके प्रति इंच या यंत्रात तीन ठिपके म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, ६०० मध्ये सहा ठिपके, तेवढेच. लायब्ररीची मूळ जाडी ०.२ मिलिमीटर आहे, ती ३०० च्या यंत्रात सव्वादोनहून थोडी जास्त ठिपक्यांची होते, मग कुठली रेघ दोनची तर कुठली तीनची छापली जाते आणि मात्राच बिघडतात. म्हणून ०.२५४ सांगितले. हाच घोटाळा ‘फिट टू पेज’ने होतो. ब्राउझर पान गुपचूप आक्रसतो. प्रमाण १०० टक्के ठेवावे आणि पहिल्या पानावरची पट्टी मोजून पाहावी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दहा मात्रांची कोरी जागा सोडावी. चिठ्ठी कापताना तीच आधी कापली जाते. उष्णतेने काळा पडणारा कागद काही वर्षांत फिका होतो, आधीच्या चिठ्ठ्यांतल्या कित्येक तशाच गेल्या होत्या. आम्ही लेझरवर साध्या कागदावर छापले. गोव्याच्या पावसात तयार चिकटपट्ट्या कडेने उचलतात आणि खाली कसर शिरते, म्हणून फार जुन्या पुस्तकांना चिठ्ठी न चिकटवता जाड कागदाच्या पट्टीवर लावून पट्टी पुस्तकात ठेवली. पट्टी हरवू शकते, हे मान्य. पण अर्पणपत्रिकेवर किंवा वाचनालयाच्या जुन्या शिक्क्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या सोडवताना जे कागद फाटले, ते पाहिल्यावर मी त्या बाबतीत वाद घालत नाही.

अकरा पानांची यादी आता दीड पानावर आली आहे. त्यातली काही पुस्तके खरोखरच गेली असतील. उरलेल्यांपैकी सात आमच्या टेबलावर आहेत. त्यांचे पहिले पान वाळवीने नेले, दाखल क्रमांक गेला आणि नोंदवहीतली शीर्षके इतकी त्रोटक आहेत की ‘गीता, सार्थ’ अशा एका नोंदीला तीन पुस्तके लागू पडतात. बांधणीची तारीख आणि देणगीदाराचे नाव यांवरून ती जुळतात का, हे दोन विद्यार्थी नोंदवही घेऊन पाहत आहेत. तोवर त्या सातांना चिठ्ठी लावलेली नाही आणि निर्लेखनाची यादीही समितीने स्थगित ठेवली आहे.